हौशी सायकलबांधणी स्पर्धेत मतदान कसं असावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खंडेनवमीला पाने-पकडी पुसून त्यांना हळदकुंकू लागलं की आमची स्पर्धा सुरू होते आणि २६ जानेवारीला सकाळी संपते. मधल्या साडेतीन महिन्यांत प्रत्येकाने माळ्यावरून, भंगारातून, पुण्याच्या जुन्या बाजारातून मिळेल त्या मालाची एक सायकल उभी करायची. पंधरा-वीस सायकली होतात. बक्षिसाची रक्कम शून्य. पहिल्या वर्षी ही स्पर्धा आम्ही पावसाळ्यात ठेवली होती आणि कुणाचाही रंग वाळला नाही, म्हणून ती दसऱ्यावर आली.

सायकल कशी बांधावी हे आम्हाला कुणी विचारत नाही, तिथे सगळेच तज्ज्ञ आहेत. प्रश्न येतात ते मतदानाचे. सात वर्षांत आम्ही चार पद्धती करून पाहिल्या आणि त्यापायी दोन मित्रांमध्ये आठ महिने अबोलाही सोसला. दुसरीकडे कुठे अशी स्पर्धा भरवायची असेल, तर ही उत्तरं उपयोगी पडावीत.

मैत्रीचीच स्पर्धा आहे, तर मतदान हवंच कशाला?

पहिल्या वर्षी आम्हीही हेच म्हणालो. सगळेच विजेते, सगळ्यांना मिसळ. झालं काय, तर लोक आले, आपापली सायकल स्टँडवर लावली, तिच्याशेजारी उभे राहिले आणि मिसळ खाऊन गेले. दुसऱ्याच्या सायकलीपाशी कुणी दोन मिनिटंही वाकलं नाही.

मत द्यायचं म्हटलं की माणूस गुडघ्यावर बसतो. चेनची ओळ सरळ आहे का बघतो, चाक उचलून फिरवून बघतो, मडगार्डचा स्टे कुठून वाकवलाय ते बोटाने चाचपतो. मतदानाचं खरं काम आम्हाला एवढंच दिसतं. विजेता कोण हे चार दिवसांत विसरलं जातं. त्यामुळे खालचा प्रत्येक नियम आम्ही एकाच कसोटीवर घासून घेतला आहे : याने लोक दुसऱ्याची सायकल जास्त वेळ बघतील की कमी?

मत देण्याचा हक्क कुणाला?

ज्याने सायकल बांधली त्याला. ज्याने एकदा तरी पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० तारा (स्पोक) ओवून चाकाचा आउट, म्हणजे डुलणं, काढलं आहे, त्याला शेजारच्या सायकलीचं चाक का डुलत नाही याची किंमत कळते. बाकीच्यांना रंग दिसतो.

नाव नोंदवलं, पण सायकल पुरी झाली नाही. मत देता येईल?

येईल. यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. काहींचं म्हणणं, ज्याने धाव घेतली नाही त्याने पंच होऊ नये. माझं मत उलटं आहे. कॉटर पिन (पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, जखडणारी खीळ) अडकून बसली, ठोकून ठोकून क्रँकचा चुराडा झाला आणि माणसाने डिसेंबरात हात टेकले, तर त्याच्याइतका जाणकार मतदार दुसरा कोण? अट एकच : ३१ डिसेंबरपर्यंत निदान फ्रेम आणि पुढचं चाक धरणारा चिमटा घेऊन येऊन आम्हाला दाखवलेला असावा. नुसतं नाव नोंदवून मतापुरतं उगवणाऱ्यांसाठी ही अट आहे.

बायको, मुलं, शेजारी, सोसायटीचे लोक बघायला येतात. त्यांनी काय करायचं?

त्यांचा कौल वेगळा. तो मुख्य निकालात मिसळत नाही, कारण मिसळला की ज्याचं घर मोठं त्याची सायकल चांगली ठरते. एका वर्षी एका स्पर्धकाचे अकरा नातेवाईक आले होते. माणसं प्रेमळ, पण निकाल तिथेच लागला.

या कौलासाठी आम्ही सायकलीच्या बेअरिंगमधले छर्रे वापरतो. दारात प्रत्येक पाहुण्याला मागच्या हबचा एक पाव इंची छर्रा द्यायचा. प्रत्येक सायकलीपुढे झाकणाला भोक पाडलेला पत्र्याचा डबा असतो, आवडेल त्यात टाकायचा. पाव इंची पोलादी छर्रा जवळजवळ एक ग्रॅमचा भरतो. त्यामुळे मोजत बसावं लागत नाही. स्वयंपाकघरातला काटा आणून रिकाम्या डब्याचं वजन वजा केलं की जेवढे ग्रॅम तेवढी मतं. दोन डब्यांत दोन-चार ग्रॅमचाच फरक आला तर मात्र हाताने मोजावं. पुढच्या हबचे छर्रे बारीक असतात, ते यात मिसळू देऊ नका. डबा पारदर्शक नको, ढीग दिसला की लोक ढिगावरच टाकतात. आणि पाच वर्षांखालच्या पोरांच्या हातात छर्रा देऊ नका, त्यांना बाटलीची बुचं द्या. त्यांची बुचं दर वर्षी सर्वांत मोठी घंटी असलेल्या सायकलीला जातात.

स्वतःच्या सायकलीला मत देता येतं का?

नाही. दुसऱ्या वर्षी देता येत होतं. १४ सायकली, १४ मतदार, प्रत्येकाला एक मत. मोजणीत नऊ सायकलींना बरोबर एकेक मत निघालं. ते कुणाचं होतं हे सांगायची गरज नाही. विजेता तीन मतांवर निवडून आला, त्यातलं एक त्याचं स्वतःचं. लाज वाटून ज्यांनी स्वतःला मत दिलं नाही असे तिघे शून्यावर राहिले. नियम असा नको की ज्यात सभ्य माणूसच मार खातो.

सरळ एकेक मत का नाही? ग्रामपंचायतीला चालतं, मग आपल्याला का नको?

कारण आपल्याकडे एकसारख्या सायकली येतात. एखाद्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यात लांब हँडल आणि बुटकी सीट शिरते, तो चहाच्या टपरीवर बोलतो आणि जानेवारीत तशा तीन सायकली उभ्या राहतात. समजा १८ मतदार आहेत. त्यातल्या ११ जणांना या बुटक्या सायकली आवडल्या, पण मतं चार, चार आणि तीन अशी फुटली. उरलेल्या सात जणांना गॅसचे सिलिंडर वाहणाऱ्या सायकलीवरून बेतलेली एक मालवाहू आवडली. मालवाहू सातला चारने जिंकली. अकरा जणांना बुटकी हवी होती, तरी.

म्हणून प्रत्येकाने तीन सायकलींची नावं क्रमाने लिहायची. पहिलीला तीन गुण, दुसरीला दोन, तिसरीला एक. आता तीच माणसं घ्या. मालवाहूला पहिल्या पसंतीचे सात गुणिले तीन म्हणजे २१. पहिल्या बुटकीला स्वतःच्या चार जणांचे १२, आणि बाकीच्या सात बुटकीवाल्यांनी तिला दुसरी लिहिली म्हणून आणखी १४, एकूण २६. शिवाय मालवाहूवाल्यांची दुसरी-तिसरी पसंती अजून धरलेलीच नाही.

क्रमाला गुण देण्याची ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच नौदलातला अभियंता झाँ-शार्ल द बोर्डा याने ती १७७० साली तिथल्या विज्ञान अकादमीपुढे मांडली होती. त्याच्या मूळ पद्धतीत सगळ्याच उमेदवारांचा क्रम लावायचा असतो. आम्ही तीनवर थांबतो. वीस सायकलींचा क्रम लावायला सांगितला तर सातव्या सायकलीनंतर माणूस काहीही लिहितो, आणि ते ‘काहीही’ मग मोजावं लागतं.

वरचा हिशेब नीट पाहिलात तर एक खोट दिसेल. एका मताच्या पद्धतीत एकसारख्या सायकली एकमेकींना खातात, गुणांच्या पद्धतीत त्या एकमेकींना वर ढकलतात. म्हणजे कुणी चतुर माणसाने एकाच धाटणीच्या तीन सायकली आणल्या तर त्याचा फायदा होऊ शकतो. उपाय सोपा : एका माणसाची एकच सायकल. दोन बांधल्या असतील तर दुसरी कौतुकासाठी भिंतीला टेकवून ठेवा.

दुसऱ्या पसंतीने एवढा फरक पडतो का, की हे सगळं कागदी आहे?

१९६९ सालची राष्ट्रपतिपदाची निवडणूक घ्या. तिथे आमदार-खासदारांच्या प्रत्येक मताला ठरावीक मूल्य असतं. पहिल्या पसंतीच्या मतमूल्यात व्ही. व्ही. गिरींना ४,०१,५१५ आणि नीलम संजीव रेड्डींना ३,१३,५४८ मिळाली. तिसरे होते आपले महाडजवळचे, संयुक्त महाराष्ट्रासाठी अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख, १,१२,७६९ वर. पण जिंकायला ४,१८,१६९ लागत होती आणि तेवढी कुणाकडेच नव्हती. मग खालच्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बघितली गेली. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. आघाडीवर होते तेच जिंकले, पण ८७,९६७ चं अंतर १४,६५० वर आलं.

हा गुणांचा हिशेब नाही, तिथे मत एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे सरकतं. आमच्यात एक जण दर वर्षी आग्रह धरतो की आपणही तसंच करू. सिद्धांत म्हणून त्याचं बरोबर आहे. पण २६ जानेवारीला दुपारी एक वाजता, भुकेल्या वीस माणसांपुढे, कुठल्या चिठ्ठ्या कुठे सरकल्या हे समजावून सांगायला तो स्वतः उभा राहत नाही. गुणांची बेरीज सहावीतलं पोर फळ्यावर करतं आणि सगळे डोळ्यांनी बघतात. डोळ्यांदेखत झालेली मोजणी भांडण टाळते, म्हणून आम्ही गुणांवर आहोत.

मग दहापैकी मार्क का देत नाही? ते जास्त बारीक होईल.

करून पाहिलं. काही जण आठच्या खाली येतच नाहीत, कारण समोरचा मित्र आहे. काही जण सहाच्या वर जात नाहीत, कारण सदाशिव पेठ. त्यातून चार लोक एकाला दहा आणि बाकीच्यांना दोन देतात, आणि निकाल त्या चौघांचा लागतो. आठ-नऊच्या मध्येच मार्क देणाऱ्या भल्या माणसाच्या मताला काही वजनच उरत नाही. पाण्यात उडी मारण्याच्या स्पर्धांत वरचे आणि खालचे मार्क काढून टाकतात, तो उपाय तिथे चालतो, कारण पंच शिकलेले असतात आणि उडी दोन सेकंदांत संपते. आपल्याला हव्यात तीन नावं, क्रमाने. तिथे कंजूष आणि दिलदार दोघांचंही मत सारखं.

कुणी मुद्दाम तगड्या सायकलीचं नाव गाळलं तर?

गाळू शकतो. ‘माझी पद्धत प्रामाणिक माणसांसाठी आहे’ असं बोर्डाने म्हटल्याचं सांगतात. आणि यावर पक्का तोडगा शोधत बसू नका, तो नाही. तीन किंवा जास्त पर्याय असले की लोकांच्या क्रमांवरून सगळ्या रास्त अटी एकदम पाळणारा निकाल काढता येत नाही, हे केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९५१ साली गणिताने दाखवलं आणि पुढे १९७२ साली त्यांना नोबेल मिळालं. आपण तर मिसळीवर चालणारी मंडळी.

आम्ही दोन बंधनं घातली आहेत. तीनही नावं लिहिली नाहीत तर चिठ्ठी बाद. म्हणजे एकाला निवडून बाकी कोरं सोडता येत नाही. आणि दुसरं बंधन पुढच्या प्रश्नात आहे, मला विचाराल तर सबंध मतदानातली तीच कामाची गोष्ट.

मतपत्रिकेवर ‘मी काय चोरणार’ असा रकाना आहे. तो भरायलाच हवा का?

हवाच. मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला सगळ्या सायकलींचे क्रमांक छापलेले असतात. प्रत्येकापुढे, आपला सोडून, एक ओळ लिहायची : या सायकलीतली कुठली गोष्ट मी पुढच्या वर्षी माझ्या सायकलीला उचलणार. रकाना रिकामा असेल तर चिठ्ठीच्या पुढच्या बाजूची तीन मतंही धरत नाही.

पहिल्यांदा ओरड झाली. ‘अठरा ओळी? दहावीचा पेपर आहे का?’ पण लिहावं लागलं म्हणून लोक थांबले. ज्या सायकलीला एकही गुण पडला नाही तिच्याबद्दल सोळा जणांनी एकच गोष्ट लिहिली होती : डायनॅमोची वायर फ्रेमच्या नळीच्या आतून नेली आहे. बांधणाऱ्याला वाटलं होतं की ते कुणाला दिसलंच नाही. पुढच्या वर्षी सहा सायकलींची वायर नळीतून गेली. त्याच माणसाने नंतर एका धारवाल्याच्या सायकलीचं बिऱ्हाड उचलून आणलं, स्टँडवर पायडल मारून दगड फिरवायची ती जोडणी, आणि तिच्यावर लोकांच्या घरच्या विळ्या-सुऱ्यांना धार लावून दिली. त्या वर्षी तो दुसरा आला.

या ओळी नाव न टाकता, प्रत्येकाच्या वेगळ्या करून, त्या त्या माणसाला देतो. गुप्तता राहावी म्हणून एकच जण सगळ्या ओळी दुसऱ्या कागदावर उतरवतो, कारण अक्षर ओळखणारे ओळखतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळू नये.

मतदान गुप्तच का? मित्रांत कसला पडदा?

मित्रांतच पडदा लागतो. मधल्या एका वर्षी आम्ही व्हॉट्सॲपवर पोल टाकला. त्यात कुणी कुणाला मत दिलं ते नावासकट दिसतं आणि आकडा चालू असतानाच वाढताना दिसतो. पहिल्या तासात एका सायकलीला सहा मतं पडली, पुढची सात आपोआप तिकडेच गेली. वर ‘तू मला मत दिलं नाहीस’ हा विषय होळीपर्यंत चालला. सुरुवातीला सांगितलेला अबोला त्यातलाच.

आता कागदाची चिठ्ठी आणि दिवाळीच्या चिवड्याचा रिकामा डबा. दूरच्या लोकांसाठी गूगल फॉर्म ठेवलात तर पर्यायांचा क्रम दर वेळी बदलण्याची सोय त्यात आहे, ती चालू करा, आणि निकालाचा गोषवारा मतदारांना दिसू देऊ नका.

फोटो बघून मत दिलं तर चालेल का?

चालणार नाही, आणि यावर आमचं मत ठाम आहे. अमेरिकेत २०१४ साली पाच शहरांतल्या डिझाइन कंपन्या आणि सायकल बांधणारे यांच्या जोड्या लावून शहरात वापरायची सायकल बनवण्याची स्पर्धा झाली होती. निवड इंटरनेटवरच्या जनमताने झाली आणि सिॲटलच्या ‘डेनी’ला पहिला क्रमांक मिळाला. तिचं हँडल सुटं होऊन कुलूप बनायचं. कल्पना झकास, बघताक्षणी कळते. पण मत देणाऱ्यांतल्या बहुतेकांनी ते हँडल हातात धरलेलं नसणार, आणि हँडल ही हातात धरायची वस्तू आहे.

उलट टोकाला फ्रान्समधली १९३० आणि १९४० च्या दशकांतली ‘कोंकूर द माशीन’. तिथे सायकलींना डोंगरातल्या खराब रस्त्यांवरून पळवायचे. वजन कमी असेल तर गुण मिळायचे, काही मोडलं-सुटलं तर कापले जायचे. म्हणजे खरा मतदार रस्ता. २०१६ साली आंबेर गावी ही प्रथा पुन्हा सुरू झाली.

आम्ही मधला मार्ग धरला. मतदानाआधी प्रत्येक सायकल तिच्या मालकाने सगळ्यांसमोर एक किलोमीटर चालवायची, त्यात एक चढ आणि उतारावर एक करकचून ब्रेक. चेन पडली तर बसवून पुन्हा यायचं, हरकत नाही. पायडल गळून पडलं किंवा ब्रेक लागला नाही तर ती सायकल त्या वर्षी मताला नाही, फक्त ‘काय चोरणार’च्या ओळींना आहे. एका वर्षी सर्वांत देखणी सायकल अशी बाहेर गेली. पावडर कोटिंग आरशासारखं होतं आणि मागच्या ब्रेकची तार लावायची राहिली होती.

मी नोकरीसाठी परदेशात आहे, तिथेच सायकल बांधली. भाग घेता येईल?

भाग घ्या, फळ्यावर फोटो लावू, ओळी लिहून पाठवू. गुणांत धरणार नाही. फोटो पाठवताना चेनच्या बाजूचा पाठवा, दुसऱ्या बाजूने लोक नक्की काहीतरी लपवत असतात.

सायकली कुठल्या क्रमाने लावायच्या? याने काय फरक पडतो?

पडतो. ब्रुसेल्सला क्वीन एलिझाबेथ नावाची पियानोची नामांकित स्पर्धा होते, तिथे वाजवण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. तिच्या निकालांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला, त्यात उशिरा वाजवणारे सरासरीने वरच्या क्रमांकावर आलेले दिसले. तज्ज्ञ परीक्षकांचं हे, तर आपलं काय?

सायकली आम्ही रांगेत न लावता गोल लावतो, म्हणजे पहिली-शेवटची उरत नाही. प्रत्येक मतदाराने आपल्या स्वतःच्या सायकलीपासून सुरुवात करून घड्याळाच्या दिशेने जायचं. चालवण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून. झाडाची सावली ज्या बाजूला येते तिथे कुणाची लागणार हेही चिठ्ठीवर, कारण क्रोम उन्हात वेगळं दिसतं. हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका, यावर पाऊण तास चर्चा झाली आहे.

वर्ग किती करायचे?

कमीत कमी. सहा सायकलींमागे एक वर्ग यापेक्षा जास्त नको, नाहीतर प्रत्येकाला आपापल्या वर्गात पहिलं येण्याची सोय होते. आमच्याकडे तीन आहेत : ‘काळी’, म्हणजे २८ इंची चाकांची जुनी रोडस्टर तिच्या मूळ रूपाला धरून, ‘कामाची’, म्हणजे ओझं वाहणारी किंवा धंद्याची, आणि ‘वाट्टेल ते’. वर्गाला फक्त टाळ्या असतात. तीन पसंतीची मतं सगळ्या सायकलींतून एकत्र द्यायची, वर्गाचा निकाल त्याच गुणांतून निघतो. वेगळ्या चिठ्ठ्या लागत नाहीत.

ज्याने तीस हजार खर्च केले आणि ज्याने बाराशे, त्यांची तुलना कशी करायची?

नियमाने नाही, माहितीने. प्रत्येक सायकलीला हँडलवर एक पुठ्ठा लटकतो : मूळ सायकल कुठली, कुठला भाग कुठून आला, एकूण खर्च, आणि कुठलं काम बाहेरून करून घेतलं. वेल्डिंग बाहेरून केलं तर काही वाईट नाही, पण लिहा. खर्चाची मर्यादा एकदा घालून पाहिली, तेव्हा सगळ्यांचे मामा अचानक फुकट टायर द्यायला लागले.

वरीलपैकी कुणीही नाही?

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये निवडणुकीत ही सोय करायला सांगितली, कारण तिथे निवडून आलेला पाच वर्षं राज्य करतो. इथे एक सायकल लोकांनी तीन महिने घासली आहे. सोय नाही.

बरोबरी झाली तर?

आधी ज्याला पहिल्या पसंती जास्त तो पुढे. तेही सारखं असेल तर सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा बघायच्या आणि या दोघींपैकी किती जणांनी कुणाला वर लिहिलंय ते मोजायचं. तरीही सारखं असेल तर चिठ्ठी टाकायची, आणि ती तिथल्या सर्वांत लहान मुलाने उचलायची.

चिठ्ठीला कुणी पोरखेळ म्हणालं तर २०१७ ची मुंबई महापालिकेची निवडणूक आठवा. प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांना फेरमोजणीनंतर ५,९४६ अशी सारखी मतं निघाली आणि नगरसेवक चिठ्ठीवर ठरला. करंडक अर्धा-अर्धा वाटून घेण्याची सूचना दर वर्षी येते. क्रँक अर्धा होत नाही.

मुदतीला दोन दिवस उशीर झाला, रंग ओला आहे. चालेल?

नाही. कच्चा पत्रा घेऊन या. रंग नसलेली सायकल दोनदा जिंकली आहे.

मोजणी कोण करतं? आणि दर वर्षी तोच माणूस जिंकला तर?

दोन्हींचं उत्तर एकच आहे. गेल्या वर्षीचा विजेता या वर्षी मोजणी करतो. तो सायकल बांधतो, गोलात लावतो, चालवतो, पण ती मतासाठी नसते आणि त्यालाही मत नसतं. त्यामुळे त्याला कुणाचं पारडं जड व्हावं असं वाटण्याचं कारण उरत नाही, आणि सलग दोनदा जिंकण्याचा प्रश्नही मिटतो. ओळी उतरवून काढण्याचं ते कंटाळवाणं कामही त्याचंच. चिठ्ठ्या पुढच्या खंडेनवमीपर्यंत त्याच्या घरी राहतात. आजवर एकानेच पुन्हा मोजून मागितल्या. पुन्हा मोजल्यावर तो सातवरून आठवर गेला.

सगळ्यांचे गुण जाहीर का करत नाही? शेवटचा कोण आला?

पहिल्या तिघांचे गुण फळ्यावर लिहितो. बाकीच्यांना आपापला आकडा हवा असेल तर मोजणाऱ्याच्या कानात विचारावा. शेवटच्याचं नाव सांगून काय मिळतं? तो माणूस पुढच्या वर्षी येत नाही, आणि एक सायकल कमी होते. बरेचसे लोक आकडा विचारतच नाहीत. ओळींचा कागद मात्र घडी करून खिशात ठेवतात.

करंडक कुणाकडे असतो? तो परत करायचा असतो का?

विजेत्याकडे वर्षभर, आणि मोजणीला येताना त्याने तो घेऊन यायचा. लाकडी पाटावर बसवलेला एका जुन्या सायकलीचा क्रँक आहे. पायडलसाठी त्याच्या उजव्या बाजूला सरळ आटे आहेत आणि डाव्या बाजूला उलटे. एका विजेत्याने त्याला शोभा म्हणून पितळी पायडलं लावायला घेतली आणि डाव्या बाजूचे आटे मारले. तो आता तसाच आहे.